मूठभर दाण्यांचा हिशेब

दादर स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडून थोडे चालले की रस्त्यांच्या मधोमध कठड्याने वेढलेली एक गोल जागा लागते. १९३३ साली तिथे कारंजे बांधले गेले. पुढे पाण्यापेक्षा पक्ष्यांमुळेच ती जागा ओळखली जाऊ लागली आणि ‘दादर कबुतरखाना’ हे नाव पत्त्यांत, बस थांब्यांवर, टॅक्सीवाल्याला सांगायच्या खुणेत कायमचे रुजले. कित्येक दशके इथली सकाळ एका ठरलेल्या क्रमाने उजाडत आली. गोणी उघडायची, चणे-ज्वारी कठड्याआत फेकायची, हात जोडायचे आणि कामाला निघायचे. बसचा हॉर्न वाजला की सगळा थवा एका झपाट्यात उठायचा, शेजारच्या इमारतींवरून एक घिरटी घ्यायचा आणि पुन्हा त्याच दाण्यांवर उतरायचा. फडफडाटासरशी उठलेली धूळ हळूहळू खाली बसायची. ही धूळ कशाची, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नसे.

जुलै २०२५ मध्ये तो प्रश्न थेट विधान परिषदेत पोचला. मुंबईत ५१ कबुतरखाने असल्याची माहिती सभागृहात दिली गेली आणि ते बंद करण्याचे निर्देश महापालिकेला मिळाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मनाई असूनही दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा, असे न्यायालयाने जुलैअखेरीस सांगितले. ऑगस्टच्या सुरुवातीला दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि ६ ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री फाडली. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पुढे महापालिकेने शहरात चार ठिकाणी सकाळचे दोन तास दाणे टाकण्याची मुभा देऊन तात्पुरता तोडगा काढला. या सगळ्या काळात एक बाजू दयेबद्दल बोलत होती आणि दुसरी फुप्फुसांबद्दल. कबुतराबद्दल मात्र दोन्ही बाजू कमीच बोलल्या.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी ‘शेजार’ हा विषय ठरवला. माणसाच्या इतक्या जवळ, त्याच्या खिडकीला खिडकी लावून राहणारा दुसरा शेजारी शोधून सापडायचा नाही. पण हा शेजारी आला कुठून, हे कळल्याशिवाय त्याच्याशी कसे वागायचे हे ठरवता येणार नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे: शहरातले कबूतर हे रानातून वाट चुकून आलेले पाखरू नव्हे, की शहरावर कोसळलेली आपत्तीही नव्हे. ते माणसाने पाळले, घडवले, मोकळे सोडले आणि मग दाणे घालून वाढवले. म्हणून त्याच्या संख्येची जबाबदारी माणसाचीच आहे. ती पक्षी मारून पार पडत नाही आणि दाणे टाकूनही पार पडत नाही. ती पार पडते दाणा आवरल्याने.

कड्यावरचा पारवा

मराठीत या पक्ष्याला दोन नावे आहेत आणि दोन्ही नावांचा मुक्काम वेगळा आहे. कडेकपारीत, जुन्या विहिरीच्या आत, किल्ल्याच्या बुरुजावर, पडक्या वाड्याच्या तुळईवर बसून घुमतो तो पारवा. ढाबळीत पाळतात, चौकात दाणे टिपते ते कबूतर. शास्त्राच्या लेखी दोन्ही एकच, कोलंबा लिव्हिया. निळसर राखी अंग, मानेवर हिरवी-जांभळी झळाळी आणि मिटलेल्या पंखावर दोन काळे आडवे पट्टे, हे त्याचे मूळ रूप. त्याचा रंग आपल्या इतका ओळखीचा की लुगड्याचा रंग सांगतानाही ‘पारवा’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. युरोपातल्या रानपारव्याची पाठ शेपटीपाशी पांढरी असते, आपल्याकडच्याची तिथेही राखीच राहते.

पारवा झाडावर घरटे करत नाही. त्याला लागतो कडा. सह्याद्रीचा कातळ लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. थर झिजतात, त्यांच्यामध्ये आडव्या कपारी उरतात आणि त्या कपारी पारव्याला आयत्या मिळतात. चार काटक्या टाकल्या की त्याचे घरटे तयार होते. ते इतके विरळ असते की त्याला घरटे म्हणायला जीव धजावत नाही. पण खाली दगड सपाट असेल, वर आडोसा असेल आणि मांजर-मुंगसाला चढता येणार नसेल, तर त्याला आणखी काही नको असते. सकाळी कड्यावरून निघायचे, खालच्या शेतात सांडलेले धान्य आणि रानबिया टिपायच्या, पाण्यावर जायचे आणि परत कपारीत यायचे, असा त्याचा दिवस. या जगण्याला दोन लगाम होते. एक, हंगामाचा. सुगीत धान्य मुबलक, एरवी पोट भरण्यासाठी लांबवर भटकंती. दुसरा, शाहीन ससाण्याचा. त्याच कड्यावर राहणारा हा शिकारी आकाशातून सूर मारून उडता पारवा टिपतो.

जुन्या मनात या पक्ष्याची प्रतिमाही आजच्यासारखी नव्हती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात कपोतावर एक सूक्त आहे. त्यात तो निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा दूत म्हणून येतो आणि त्याच्या येण्याने घरावर अरिष्ट येऊ नये अशी विनवणी केली आहे. पारवे घुमणारा वाडा म्हणजे माणसे उठून गेलेला वाडा, ही आपल्याकडची खूण त्याच जातीची. म्हणजे कबुतराला दाणा घालणे ही अनादी काळापासूनची एकमुखी परंपरा आहे, असे म्हणता येत नाही. परंपरेत भय आहे, कौतुक आहे, दया आहे आणि उपयोगही आहे. त्यातला उपयोगाचा धागा पकडला की आजच्या कबुतरापर्यंत पोचता येते.

ढाबळीतली घडण

माणसाने पारव्याला निदान पाच हजार वर्षांपूर्वी जवळ केले. पहिले कारण मांस. दुसरे कारण खत. इराणमध्ये इस्फहानच्या आसपास विटांचे उंच मनोरे आजही उभे आहेत. त्यांच्या आत हजारो कोनाडे आहेत. पारव्यांनी तिथे राहावे आणि खाली साचलेली विष्ठा टरबुजांच्या मळ्यांना घालावी, एवढ्यासाठी ते बांधले गेले. तिसरे कारण घराची ओढ. कितीही लांब नेऊन सोडले तरी ढाबळीकडे परतणारा हा पक्षी निरोप पोचवण्यासाठी वापरला गेला. १८७० च्या वेढ्यात अडकलेल्या पॅरिसला त्याने पत्रे आणून दिली. आपल्याकडे ओडिशा पोलिसांनी १९४६ मध्ये कोरापूटच्या दुर्गम डोंगरांत कबुतरांची टपालसेवा सुरू केली. १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा आणि फोन कोलमडले, तेव्हाही या पक्ष्यांनी निरोप नेले.

चौथे कारण निव्वळ हौस. अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या कबुतरांवर सविस्तर लिहिले आहे. दरबारात वीस हजारांवर कबुतरे होती, त्यांतली पाचशे खास दर्जाची, आणि त्यांच्या उड्डाणाच्या खेळाला बादशहा ‘इश्कबाजी’ म्हणत असे. लक्का, लोटन, गिरेबाज ही नावे आजही ढाबळवाल्यांच्या तोंडी आहेत. लक्क्याची शेपटी मोरपिसाऱ्यासारखी पसरलेली, लोटन जमिनीवर कोलांट्या घेणारा, गिरेबाज तासन्‌तास आभाळात टिकणारा. एकमेकांशेजारी ठेवले तर ही एकाच कुळातली आहेत यावर विश्वास बसणार नाही. चार्ल्स डार्विनचे कुतूहल नेमके इथेच जागे झाले. १८५५ पासून त्याने घरी कबुतरे पाळली, लंडनच्या कबूतरपाळांच्या दोन क्लबांत नाव घातले, भारतातून आणि इराणमधून कातडी मागवली. १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्याच प्रकरणात त्याने मांडले की या सगळ्या जाती एकाच रानपारव्यापासून आल्या आहेत. त्याचा एक पुरावा साधा आणि लख्ख होता. वेगवेगळ्या जातींचा संकर पुन्हा पुन्हा केला की पिल्लांत अचानक तोच निळसर राखी रंग आणि तेच दोन काळे पट्टे उमटतात. माणसाने कितीही सजवले तरी आतला पारवा पुसला जात नाही.

२०१३ मध्ये कबुतराचा जनुकसंच वाचला गेला आणि डार्विनच्या म्हणण्यावर शिक्कामोर्तब झाले. पुढे २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. पुष्कळ कबुतरांच्या पंखांवर दोन पट्ट्यांऐवजी चौकटीसारखी गर्द ठिपक्यांची नक्षी असते. ही नक्षी ज्या जनुकीय बदलामुळे येते, तो आफ्रिकेतल्या ठिपकेदार कबुतराच्या वेगळ्याच प्रजातीकडून आला आहे, आणि हा संकर माणसाने पाळलेल्या पक्ष्यांमधून घडला असावा, असे अभ्यासकांना वाटते. चौकातल्या थव्याकडे नीट पाहिले तर तो थवा स्वतःच साक्ष देतो. त्यात पट्टेवाला आहे, ठिपकेवाला आहे, विटकरी आहे, काळा आहे, पांढऱ्या पिसांचा आहे. कड्यावरच्या पारव्यात हा रंगांचा पसारा नसतो. तो आला ढाबळीतून. पिढ्यान्‌पिढ्या ढाबळीतून निसटलेले, शर्यतीत वाट चुकलेले, मालकाने सोडून दिलेले पक्षी रानपारव्यांत मिसळले आणि आजचे शहरी कबूतर तयार झाले.

या मिसळणीची दुसरी बाजू दुःखाची आहे. पाळीव रक्ताचा स्पर्श जवळजवळ न झालेले रानपारवे शोधायला अभ्यासकांना थेट स्कॉटलंडच्या वायव्येकडील बाह्य हेब्रिडीज बेटांपर्यंत जावे लागले. २०२२ च्या त्यांच्या संशोधनाने ती बेटे म्हणजे मूळ पारव्याचा जणू शेवटचा आसरा असल्याचे दाखवले. शहरात कबुतरे उदंड झाली आणि त्याच वेळी खरा पारवा विरत गेला. पक्ष्यावर प्रेम करणाऱ्याने हे दोन्ही एकत्र पाहायला हवे.

चोचीतले दूध

चिमणी, कबूतर आणि माणूस एकाच इमारतीत राहत असताना चिमणी दिसेनाशी व्हावी आणि कबूतर वाढत जावे, असे का होते? त्याचे उत्तर पिल्लांच्या पोटात आहे. चिमणी स्वतः दाणे खाते, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्याच लागतात. काँक्रीटच्या शहरात, फवारणी केलेल्या बागांत, माती उरली नाही तिथे किडे कुठून मिळणार? शेकडो पक्ष्यांची हीच अडचण आहे. कबुतराला ती नाही. पिल्लू बाहेर येण्याच्या सुमारास नराच्या आणि मादीच्या, दोघांच्याही गळ्याखालच्या अन्नपिशवीच्या आतल्या पेशी सुटू लागतात आणि दह्यासारखा घट्ट, प्रथिने आणि स्निग्धांशाने भरलेला पदार्थ तयार होतो. पिल्लू आईबापांच्या घशात चोच घालून तो पिते. सस्तन प्राण्यांत दूध ज्या प्रोलॅक्टिनमुळे उतरते, त्याच संप्रेरकावर हे दूधही उतरते. पक्ष्यांत ही देणगी फार थोड्यांना मिळाली आहे. ठाण्याच्या खाडीत येणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) त्यांपैकीच.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. कबुतराला पिल्ले वाढवायला किडे नकोत, फुले नकोत, झाडे नकोत, ठरावीक ऋतूही नको. फक्त दाणा हवा. दाणा मिळाला की त्याचे दूध होते आणि दुधाचे पिल्लू होते. एका खेपेला दोन अंडी, सुमारे अठरा दिवस ती उबवायची. दिवसाचा बराच वेळ नर बसतो, रात्री मादी. महिना-सव्वा महिन्यात पिल्ले उडतात आणि ती उडण्याआधीच पुढची अंडी घरट्यात आलेली असतात. अन्न बारमाही असेल तर एक जोडी वर्षात पाच-सहा खेपा करू शकते. रानात सुगी संपली की हे चक्र मंदावते. ढाबळीत माणसाने नेमक्या अशाच जोड्या राखल्या, ज्या वर्षभर अंडी घालत आणि माणसाला बिचकत नसत. शहरी कबुतराने हे दोन्ही गुण वारशात घेतले. हंगामाचा लगाम असा आपणच सोडवला.

दुसरा लगामही आपल्याच हातून सुटला. उंच इमारत म्हणजे कबुतराच्या लेखी कडाच. खिडकीवरचा सज्जा, वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीमागची फट, बंद फ्लॅटची गॅलरी, शौचालयांच्या नळांचा डक्ट, पुलाखालचे खाचे, या सगळ्या आयत्या कपारी. काही ठिकाणी शाहीन ससाणा शहरातही दिसतो, कावळे अंडी पळवतात, घारी पिल्ले उचलतात. पण अन्न आणि जागा दोन्ही अमाप असतील तर एवढ्याने संख्येला आळा बसत नाही. सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात देशातल्या अनेक पक्ष्यांची घसरण दिसते. भरभराटीला आलेल्या मोजक्या पक्ष्यांत मात्र कबूतर आहे.

गोणीपासून गॅलरीपर्यंत

कबुतरखान्याचे काम कसे चालते ते पाहिले की संख्येचे कोडे उरत नाही. एखाद्याच्या वडिलांची पुण्यतिथी असते, कुणाच्या मुलाचा वाढदिवस, कुणाचा नवस, कुणाचे रोजचे व्रत. प्रत्येकाचा दाणा मूठभरच असतो आणि मन निर्मळ असते. पण शंभर मुठी एकाच कठड्याआत पडल्या की त्याची गोण होते आणि ती रोज, न चुकता, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस होते. रानातल्या पारव्याला जे पोट भरायला दिवसाचा मोठा भाग फिरावे लागते, ते इथल्या कबुतराचे अर्ध्या तासात भरते. उरलेला दिवस घरट्यासाठी मोकळा. म्हणजे दाणा पडतो चौकात आणि पिल्ले वाढतात पाच-सहा इमारतींच्या सज्ज्यांवर. दाणा टाकणारा घरी जातो. त्याचा हिशेब भागवतो तिसराच कुणीतरी: गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई, तळमजल्यावरचा दुकानदार, दम्याचा म्हातारा.

एक कबूतर वर्षाला सुमारे अकरा-बारा किलो विष्ठा टाकते. तिच्यातल्या आम्लाने दगड आणि पत्रा खराब होतो, जुन्या इमारतींच्या नक्षीवर डाग पडतात. मग ज्याला परवडते तो गॅलरीला जाळी लावून घेतो. जाळी लागलेल्या घरातले कबूतर शेजारच्या, जाळी नसलेल्या घरात जाते. एका घरापुरते उत्तर मिळते, संख्या आहे तिथेच राहते. जाळी सैल किंवा फाटकी असेल तर पक्षी तिच्यात अडकून तडफडून मरतो. शहरात जाळी लावणाऱ्यांचा मोठा धंदा उभा राहिला आहे. तो ज्या दुखण्यावर उभा आहे, ते दुखणे मात्र रोज सकाळी नव्याने पेरले जाते.

धूळ आणि फुप्फुस

आरोग्याचा मुद्दा अनेकदा भडक मांडला जातो, म्हणून तो मोजून मापून मांडला पाहिजे. कबुतराजवळून गेल्याने कुणी आजारी पडत नाही. धोका असतो वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या बारीक भुकटीचा, आणि ती वर्षानुवर्षे श्वासातून जाण्याचा. काही माणसांच्या शरीराची संरक्षणव्यवस्था त्या कणांतल्या प्रथिनांवर तुटून पडते आणि त्या झटापटीत फुप्फुसाच्या नाजूक पिशव्यांना सूज येते. वैद्यकात त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. कबुतरे पाळणाऱ्यांत तो इतका आढळला की त्याला ‘पक्षीपाळांचे फुप्फुस’ असेच नाव पडले. वेळीच लक्षात आला आणि संपर्क तुटला तर माणूस बरा होऊ शकतो. उशीर झाला तर फुप्फुसात व्रण धरतात आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. याशिवाय विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत ती पोचू शकते.

भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांतून फुप्फुसांच्या अशा आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ४७.३ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता. इथे प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा संबंध कूलरशी आढळला. पक्षी हे अनेक कारणांपैकी एक. म्हणून सगळा दोष कबुतरावर टाकणे चूक आहे. पण ज्याच्या खिडकीशेजारी रोजचा थवा बसतो, त्याच्यासाठी ते कारण मोठे आहे आणि विशेष म्हणजे टाळता येण्याजोगे आहे. हवेतला धूर एका माणसाच्या हातून आवरत नाही. दाणा आवरतो.

बाझेल शहराने काय केले

पक्षी मारून संख्या कमी होत नाही, हे स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराने स्वतःवर प्रयोग करून दाखवले. तिथे सुमारे वीस हजार कबुतरे होती. १९६१ ते १९८५ या पंचवीस वर्षांत सापळे लावून आणि गोळ्या घालून सुमारे एक लाख कबुतरे मारली गेली. संख्या वीस हजारच राहिली. जागा रिकामी झाली की उरलेल्यांच्या पिल्लांना अन्न मिळायचे आणि ती जगायची. अन्न तेवढेच असेल तर शहर तेवढीच कबुतरे पुन्हा भरून काढते, हा त्याचा अर्थ.

मग १९८८ पासून प्राणिशास्त्रज्ञ डॅनियल हाग-वाकरनागेल यांच्या पुढाकाराने उलटा मार्ग धरला गेला. लोकांना पत्रकांतून, भित्तिचित्रांतून, वर्तमानपत्रांतून समजावले गेले की तुमचा दाणा पक्ष्याचे भले करत नाही. त्यातून दाटी होते, दाटीतून घरटी घाण होतात, गोचिड्या आणि रोग वाढतात, आणि पिल्ले हालहाल होऊन मरतात. जोडीला देखरेखीखालच्या ढाबळी ठेवल्या, तिथली अंडी काढून घेतली जात. सुमारे पन्नास महिन्यांत शहरातली कबुतरे निम्म्यावर आली. बार्सिलोनात पुढे झालेल्या अभ्यासातही लोकांचे दाणे टाकणे कमी होताच काही भागांतली कबुतरे सुमारे ४० टक्क्यांनी घटली. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात २००३ मध्ये आणि व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात २००८ मध्ये दाणे टाकण्यावर बंदी आली. दोन्ही चौकांतली कबुतरे जगप्रसिद्ध होती, दोन्ही ठिकाणी दाणे विकणाऱ्यांची पोटे त्यावर होती, तरी दोन्ही शहरांनी निर्णय घेतला.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सगळ्यांत कळकळीचा आहे: दाणा बंद केला तर मुकी पाखरे उपाशी मरतील. ही भीती निराधार नाही. रातोरात ताडपत्री टाकली तर त्याच चौकावर विसंबलेल्या पक्ष्यांचे हाल होणार, आणि तसे करणे म्हणजे आपल्या चुकीची शिक्षा त्यांना देणे आहे. म्हणूनच दाणा टप्प्याटप्प्याने कमी व्हायला हवा. दर आठवड्याला थोडा कमी, जागा थोड्या कमी, आणि पाणी मात्र कायम. मोठे कबूतर उडून जाऊन लांबवर चारा शोधू शकते, त्याच्या रक्तात तेच आहे. अन्न शोधायला वेळ लागू लागला की आधी घटतात त्या अंड्यांच्या खेपा. म्हणजे संख्या घटते ती मुख्यतः न जन्मलेल्या पिल्लांनी. दाणे घालत राहिलो तरी मृत्यू टळत नाही. तो सज्ज्याच्या कोपऱ्यात, दाटीत, रोगाने होतो आणि दाणा टाकणाऱ्याला दिसत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप धर्माचा. जीवदया हे जैन धर्माचे आणि एकूणच या भूमीचे मोठे धन आहे, त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. पण दयेच्या आपल्याच कथा काय सांगतात ते ऐकू या. महाभारतातल्या शिबी राजाकडे ससाण्याच्या भीतीने कबूतर शरण येते. जैन परंपरेत हीच कथा मेघरथ राजाची, म्हणजे पुढे सोळावे तीर्थंकर शांतिनाथ झालेल्या जीवाची आहे. राजा कबुतराला वाचवतो, पण ससाण्याची भूकही मान्य करतो. तराजू मागवतो आणि भरपाई म्हणून स्वतःच्या अंगाचे मांस कापून तोलतो. या कथेचे मर्म त्या तराजूत आहे. दया करायची तर तिची किंमत स्वतः मोजायची, ती तिसऱ्याच्या अंगावर ढकलायची नाही. शेजाऱ्याच्या फुप्फुसाने जिची किंमत फेडली जाते, ती दया या तराजूवर उतरत नाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंत कपोतही आहे. पिल्लांच्या मायेत गुरफटून, ती जाळ्यात सापडलेली पाहून स्वतःही जाळ्यात उडी घेणारा तो पक्षी अवधूताला अतिस्नेहाचा धोका शिकवतो. संत एकनाथांनी हाच स्कंध मराठीत आणला, तेव्हा हा धडा आपल्याला परका नाही. आणि हितोपदेशातल्या चित्रग्रीवाचा थवा पारध्याच्या जाळ्यात कसा सापडतो? जमिनीवर पसरलेल्या दाण्यांना भुलून.

तिसरा आक्षेप असा की शहरात वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ, कचऱ्याचे ढीग असताना गरीब कबुतराच्याच मागे का लागायचे? प्रश्न रास्त आहे. धूर आणि धूळही आवरली पाहिजे. पण एक अपाय मोठा आहे म्हणून दुसरा सोसावा, हा न्याय होत नाही. शिवाय दाणा आवरणे म्हणजे कबुतराच्या मागे लागणे नव्हे. उघड्यावर टाकलेले अन्न, भरून वाहणारी कचराकुंडी, गोदामाबाहेर सांडलेले धान्य हेही कबुतराचे अन्नच आहे. तेव्हा हे काम एका धर्माच्या किंवा एका चौकाच्या माथी मारता येणार नाही. बाजारपेठा, उपाहारगृहे आणि गृहनिर्माण संस्था यांचाही त्यात वाटा आहे.

चौथा आक्षेप उलट बाजूचा: मग सरळ पकडून मारा किंवा लांब नेऊन सोडा. मारण्याचे फळ बाझेलने दाखवले आहे. लांब सोडण्याबद्दल तर ओडिशा पोलिसांची कबुतरेच उत्तर देतात. घरी परतणे हा ज्या पक्ष्याचा स्वभाव आणि ज्यासाठी माणसाने त्याला हजारो वर्षे घडवले, त्याला पिंजऱ्यात घालून दुसऱ्या तालुक्यात सोडून काय साधणार? आणि मर्यादित वेळेची, नेमून दिलेली जागा? लोकवस्तीपासून दूर, रोज स्वच्छ होणारी, अंडी काढता येतील अशा ढाबळीसह आणि दाण्याचे प्रमाण महिन्यागणिक उतरते ठेवून ती चालवली, तर तिचा उपयोग बाझेलसारखा होऊ शकतो. पण फक्त चौक बदलला आणि गोणी तेवढ्याच राहिल्या, तर शेजारी बदलेल, हिशेब बदलणार नाही.

शेजाराचा धर्म

पारव्याला माणसाने कड्यावरून उतरवले, त्याचे मांस खाल्ले, त्याच्या खतावर मळे पिकवले, त्याच्या पायाला चिठ्ठ्या बांधल्या, त्याच्या शेपटीचे पिसारे केले. इतक्या जुन्या नात्यात त्याला आज शत्रू ठरवणे कृतघ्नपणाचे होईल. त्याला देवाघरचा भिकारी समजून रोज मूठ टाकणे हाही त्याचा मान नव्हे. पाण्यात चोच बुडवून घोट घेणारा, रात्री मादी आणि दिवसा नर अशा पाळीने अंडी उबवणारा, दोघांनी मिळून पिल्लांना दूध पाजणारा हा पक्षी स्वतःच्या पंखांवर जगण्याइतका समर्थ आहे.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत एवढे करावे. गॅलरीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. सज्ज्यावरच्या फटी, यंत्रामागच्या जागा, डक्टची तोंडे पिल्ले नसतील तेव्हा बुजवावीत. जुनी घरटी कोरडी झाडू नयेत, आधी पाणी मारून, नाकातोंडावर कापड बांधून काढावीत. पुण्यतिथीचा, वाढदिवसाचा दाणा चौकात न टाकता त्या पैशांतून एखाद्या पक्षी उपचार केंद्राला किंवा भुकेल्या माणसाला मदत करावी. आणि इमारतीच्या आवारात हातभर माती मोकळी सोडावी, तिथे देशी झुडूप लावावे, किडे येऊ द्यावेत. कबुतराला आपल्या दाण्याची गरज नाही, चिमणीच्या पिल्लाला मात्र त्या किड्यांची आहे.